पाठराखीण

१० एप्रिल, गुरुवार
करवली म्हणजे फुकटची मोलकरीण! ताईचं लग्न पुढच्या शुक्रवारी आणि घरात हात फक्त मलाच आहेत. ब्लाउजांसाठी आज पुन्हा कर्जतला खेप. शिंपी म्हणतो, मापाला नवरीच लागेल. नवरी खाटेवर पडून छताकडे बघतेय. काहीही विचारा – "तुला आवडेल तसं कर गं." लग्न माझं आहे का?

१२ एप्रिल, शनिवार
खोपोलीच्या कारखान्यातून फोन आला! लॅबमधली नोकरी मिळाली. किती अर्ज केले होते! सोमवारी, एकवीसला हजर व्हायचं.
आईचा चेहरा मात्र पडला. एकवीसला लोधिवलीत, ताईच्या सासरी पूजा. मी पाठराखीण. नवरीबरोबर सासरी जायचं, पूजा होईपर्यंत तिच्या सोबतीला राहायचं, मग परत यायचं. धाकट्या बहिणीचा मान म्हणे. मान! आत्याच्या मैनाला पाठवा म्हटलं, तर ताईच अडून बसलीय.
तिला जाऊन विचारलं. तिनं माझा हात धरला. "तूच ये गं. दुसरी कोणी नको." कारण विचारलं तर पुन्हा छताकडे बघायला लागली. मी हात सोडवून घेतला.

१५ एप्रिल, मंगळवार
कारखान्यात एक दिवस वाढवून मागितला. साहेब म्हणाले, सोमवारी आला नाहीत तर दुसरी मुलगी तयार आहे.
ताईशी बोलणं बंद.

१७ एप्रिल, गुरुवार
हळद. ताईच्या गालाला मुद्दाम जोरात चोळली. ती रडायला लागली. बायका म्हणाल्या, माहेर सुटतंय, रडणारच. मला जराही दया आली नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार
लग्न लागलं. दिवा धरून तिच्या मागे उभी राहून पायांचे तुकडे पडले. साईनाथ भावोजी एका फोटोत हसतील तर शपथ! बरोबर जोडी जमलीय.

२० एप्रिल, रविवार, लोधिवली
भावोजी कालपासून घरात नाहीत. सासूबाईंना विचारलं. "कामाला गेलाय. पावण्यांनी इतकं इचारू नाय." लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कसलं काम?
ताईवर ओरडले. तुझ्यापायी माझी नोकरी चाललीय, निदान तोंड तरी उघड! तेव्हा बोलली.
साईनाथनं लग्नाआधीच तिला फोनवर सांगितलं होतं – पनवेलला त्याची बाई आहे, तो तिला सोडणार नाही, लग्नाला उभा राहतोय तो फक्त आईच्या हट्टापायी. ताईनं त्याच दिवशी आमच्या आईला सांगितलं. आई म्हणाली, पत्रिका वाटून झाल्यात, लग्न झालं की पोरं सुधारतात.
माझी आई! सगळं माहीत असून तिनं मांडव घातला! अंगाची आग आग होतेय.
मला का नाही सांगितलंस, विचारलं. "तू मांडवात तमाशा केला असतास. आणि आईनं तुलाच खोटं पाडलं असतं. आता तू डोळ्यांनी बघितलंस. माझं कोण ऐकत नाय गं. तुला भांडता येतं."

२१ एप्रिल, सोमवार
पूजा सोडून निघालो. पाठराखीण एकटी परतते, मी ताईला घेऊन आले. नोकरी गेली. आई दारात आडवी उभी – लोक काय म्हणतील? मी म्हटलं, "आधी तिला आत येऊ दे. मग भांडू."