तुंगार्लीमागची घळ

लोणावळे, मार्गशीर्ष वद्य पंचमी

आज पुन्हा तेच. आमच्याकडे उतरलेल्या पुण्याच्या बाई म्हणाल्या, "सगळे जातात ती ठिकाणं नकोत." मग मी तुंगार्लीमागची घळ सांगितली. काळ्या कातळात पांढऱ्या गारगोट्या चमकतात, आत पाणी झिरपतं. कित्येक वर्षं सांगतेय. स्वतः कधी गेले? खाणावळीच्या पोळ्या कोण लाटणार? एका पाहुण्याकडून ऐकलेलं दुसऱ्याला सांगते, झालं.

संध्याकाळी बाई परतल्या आणि एक गारगोटी माझ्या पिठाच्या हातावर ठेवली. "अगदी तुम्ही सांगितलंत तसंच. तुम्ही पहिल्यांदा गेलात, तेव्हा काय वाटलं हो?"

मी गारगोटी पोळपाटाशेजारी ठेवली. म्हटलं, "पाय फार दुखले."

तेवढं तरी खरं. दिवसभर ओट्याशी उभं राहून आत्ताही दुखताहेत.