सुकाणूचा दांडा

प्रिय बाबा,

पाकिटावर मी मुद्दाम तुझं नाव घातलंय, आईचं नाही. फोन केला की तू काय करतोस ते मला पाठ झालंय. "बाबाला दे" म्हटलं की मागून तुझा आवाज येतो, "धान पाहाले जाऊन राह्यलो मी," आणि मग आई मला शेजारच्या म्हशीपासून गावातल्या बारशापर्यंत सगळं सांगत बसते. आता धान कापून, रचून पुंजण्यात गेलं, तरी तुझं पाहणं काही संपत नाही. पत्र असं दुसऱ्याच्या हातात देऊन शेताच्या बांधीवर निघून जाता येत नाही. तेव्हा चष्मा लाव, ओट्यावर बस आणि सावकाश वाच. सातवीपर्यंत शिकलास ते कधीतरी कामी येऊ दे.

सुकलू काकाचा डोंगा अजून अर्धवटच पडलाय, हे मला आईकडूनच कळलं. आंब्याचं ते अर्धं कोरलेलं खोड आषाढापासून अंगणात तसंच आडवं आहे, त्यात कोंबडी अंडी घालते, आणि काका बिचारा याचा त्याचा डोंगा मागून तलावात जाळं टाकायला जातो. तू लाकूड तासायचा वासला छपरात खोचलास तो खोचलासच. कोणी विचारलं तर हात दुखतो म्हणतोस. हात दुखत नाही तुझा, बाबा. इथे हैदराबादला जे झालं ते तू मनाला लावून घेतलंस आणि हत्यार खाली ठेवलंस. मला हे मुळीच पटलेलं नाही.

लहानपणी तुला डोंगा करताना बघणं हाच माझा खेळ होता. लाकडाला हात लावायच्या आधी तू माणसाला अंगणात बसवायचास. त्याच्या कंबरेपासून गुडघ्यापर्यंत, खांद्यापासून मुठीपर्यंत सुतळी धरायचास आणि प्रत्येक मापाला एक गाठ मारायचास. टेपवर आकडा कळतो, माणूस कळत नाही, असं तुझं म्हणणं. काम संपेपर्यंत ती गाठींची सुतळी तुझ्या गळ्यात असायची आणि आई त्यावरून तुला बैल म्हणून चिडवायची. सुकलू काकाचा डावा पाय अधू, तो उजवीकडे झुकून बसतो, म्हणून त्याच्या डोंग्याची डावी बाजू तू तोलासाठी जाड ठेवायचास. इसरू मामा दांडगा, त्याचा डोंगा बुडाला रुंद. अख्ख्या ढिवर मोहल्ल्यात एक डोंगा दुसऱ्यासारखा नाही. काठाला लावलेले डोंगे बघून आज तलावावर कोण कोण आलंय ते मी शाळेच्या रस्त्यावरूनच सांगायची.

त्यामुळे धानाचा रोवणा अर्धा टाकून, बस बदलत बल्लारशाला पोचून, तिथून गाडीत उभ्याने प्रवास करून तू माझ्या शर्यती बघायला पहिल्यांदा इथे आलास, तेव्हा तलावाच्या काठावर ओळीने लावलेल्या आमच्या सेलिंग शाळेच्या पांढऱ्या होड्या बघून तुझा चेहरा पडला, त्याचं मला नवल वाटलं नाही. मी मोठ्या हौसेने एकेक भाग दाखवत होते. फायबरचं हे अंग. दोन तुकड्यांची ही डोलकाठी, एक तुकडा दुसऱ्यात बसतो. हे शीड. होडीच्या मधल्या फटीतून पाण्यात उतरते ती ही फळी, डॅगरबोर्ड, ती नसेल तर वारा होडीला आडवी ढकलत नेईल. मागे सुकाणू, आणि ते फिरवायला हातात धरायचा हा दांडा, टिलर. याला वन-डिझाइन म्हणतात, मी म्हटलं. सगळ्यांचा साचा एक, वजन एक, शिडाचं कापड एक. कोणी काही कमीजास्त करायचं नाही. तू ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलास, परत आलास आणि विचारलंस, "सगळ्या सारख्याच? मंग माह्या पोरीची कोणती, हे कसं समजाचं?" शिडावरच्या नंबरावरून, असं मी सांगितलं, ते तुला आवडलं नाही. होड्या सारख्या असल्या की जो पुढे जातो तो स्वतःच्या हाताने आणि वाऱ्यावरच्या नजरेने जातो, त्यात गंमत आहे, हेही मी सांगून पाहिलं. तू मान हलवलीस. बँकेतल्या साहेबासमोर हलवतोस तशी.

आणि त्याच संध्याकाळी मी ते गुणगुणण्याचं बोलले. वारा वाढला की माझी फळी पाण्याखाली गुणगुणते, रेडिओ लावायची गरज नाही, असं मी हसत हसत सांगितलं. सगळ्यांच्याच फळ्या कमीजास्त गुणगुणतात. आमच्यासाठी तो एक विनोद आहे. तू मात्र त्यात पोरीची तक्रार ऐकलीस. डोंगा आवाज करतो म्हणजे तो पाण्याशी भांडतो, आणि भांडणारा डोंगा दुरुस्त केल्याशिवाय तू आजवर कोणाला दिलेला नाहीस. आम्ही मुली मेसमध्ये जेवत होतो तेवढ्यात तू माझ्या होडीपाशी बसलास. फळीच्या मागच्या कडेवरून अंगठा फिरवलास, जिथे बोथट लागली तिथे कमरेच्या चाकूने खरवडलीस, पॉलिश पेपर मारलास, आणि माझ्या केसांसाठी गावाहून आणलेलं मोहाच्या टोरीचं तेल तिला चोळलंस. पहिल्या नंबरावर असलेल्या मुलीच्या होडीला शेवटच्या दोन शर्यतींच्या आदल्या दिवशी हात लावायची चूक जगात दुसऱ्या कोणाच्या बापाने केली नसती. तुझ्या हिशेबी तू मला तयार होडी देत होतास.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही शर्यती जिंकले. फळी गप्प आहे हे मला जाणवलं होतं, पण शिडाची फडफड इतकी होती की मी त्याचा विचारच केला नाही. काठाला आले, तू दोन्ही हात वर करून उभा होतास. मग तपासणीच्या बाई आल्या. त्या कोणतीही होडी निवडतात आणि मोजतात, त्या दिवशी माझी निवडली. फळीच्या कडेवर त्यांनी पत्र्याचा साचा लावला आणि साचा व कड यांच्या मधून उजेड दिसला. त्यांनी पुन्हा लावून पाहिला. मीही लावून पाहिला. दोन्ही शर्यती बाद झाल्या आणि त्यांच्याबरोबर माझी संघातली जागाही गेली.

सुनावणीच्या खोलीत तू न बोलावता आत आलास. ती माणसं वाईट नव्हती, बाबा, हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तू हात जोडून म्हणालास, "तिची चूक नाई. नाव तिची हाय, पन हात माहा होता. मले काढा, तिले काऊन काढता?" आमच्या सरांनी ते इंग्रजीत सांगितलं. तपासणीच्या बाईंनी ते लिहून घेतलं. स्टेशनवर तू डबा उघडला नाहीस. गाडी लागल्यावर खिडकीतून एवढंच म्हणालास, "दामे, आता मी कोनाच्याच नावेले हात नाई लावत." मला वाटलं, हे रागातलं बोलणं आहे, घरी जाऊन विसरशील. तू कुठला विसरतोस?

खोटं कशाला बोलू, मलाही तुझा राग आला होता. चांगला कडकडीत आला होता. एक प्रश्न, फक्त एक, विचारला असतास तर काय बिघडलं असतं, असं मी खोलीत उशीला विचारत होते. पिंकी, माझ्याबरोबर राहते ती, ऐकून ऐकून कंटाळली आणि म्हणाली की तिच्या पप्पांना तिच्या होडीचा रंगसुद्धा माहीत नाही. सगळ्याच पांढऱ्या आहेत, तरी माहीत नाही. त्यावर मला हसू आलं आणि मग रडूही आलं. राग त्यानंतर हळूहळू उतरला.

आता एक बातमी ऐक, ही मी फोनवर सांगणार होते पण तू धान पाहायला गेला होतास. तू तासलेली फळी सरांनी ठेवून घेतली होती. एकदा सारखा वारा होता त्या दिवशी त्यांनी मला एकाच होडीत आधी नवी फळी आणि मग तुझी फळी लावून पळवलं, पुन्हा पुन्हा. वेगात फरक काहीच नाही. गुणगुण तेवढी गेली. म्हणजे तू मला चोरून पुढे ढकललं नव्हतंस, आणि त्या दोन शर्यती मी माझ्या जिंकले होते. निकाल काही बदलणार नाही, बदलायलाही नको, साचा म्हणजे साचा. पण हे तुझ्या डोक्यात पक्कं बसायला हवं. तू माझं काही हिरावून घेतलेलं नाहीस.

आणि गेलेली जागा मला परत हवी आहे. डिसेंबरात संघाच्या निवड शर्यती आहेत, याच तलावावर. मी ती जागा घेणार आहे. उन्हं यायच्या आत पाण्यावर असते, पट्ट्यात पाय अडकवून तोलासाठी होडीबाहेर अंग टाकून बसते, पोटाला गोळे येतात, तरी सर थांब म्हणेपर्यंत थांबत नाही. हा हट्ट कोणाकडून आलाय ते आईला विचार. अडचण एकच आहे, हाताची. शाळेच्या होडीचा टिलर जाड ॲल्युमिनियमचा, ओला झाला की सटकतो. माझा हात तुझ्यासारखा, तळवा रुंद आणि बोटं आखूड. मूठ नीट बसत नाही, मनगट भरून येतं आणि वारा फिरतो तेव्हा मला वळायला क्षणभर उशीर होतो. तेवढ्यात दोघीजणी पुढे निघून जातात.

एकदा अंगलट आल्यामुळे आता मी नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलंय. होडीच्या अंगाला हात लावायचा नाही. डोलकाठीला नाही, शिडाला नाही, फळीला तर नाहीच नाही. पण टिलर, बाबा, तो ज्याने त्याने आपल्या हाताप्रमाणे करावा. वरची कड सरळ हवी, सुकाणूतून काढता-घालता यायला हवा. लाकूड कोणतं, जाडी किती, पकड कशी, यावर काही बंधन नाही. खात्री करायला मी तपासणीच्या त्याच बाईंना जाऊन विचारलं. त्यांनी मला ओळखलं, तुझी चौकशी केली, आणि लेखी हवं तर लेखी देते म्हणाल्या. तेव्हा मी हे पत्र लिहितेय ते त्यासाठी. पाकीट फोडताना सुतळीचा तुकडा पडला असेल, तो आई चुलीत टाकायच्या आत उचल. त्याला तीन गाठी आहेत: पहिलीपर्यंत माझी मूठ, दुसरीपर्यंत तळव्यापासून कोपर, तिसरीपर्यंत दांड्याची लांबी. सुकाणूत शिरणाऱ्या टोकाचं माप मागच्या पानावर आकड्यात लिहिलंय, तिथे तुला टेपच घ्यावी लागेल, माझ्यासाठी एवढं कर. लाकूड माळ्यावरच्या जुन्या कावडीचं घे, ती धामणीच्या झाडाची आहे. आरमोरीच्या बाजारात मासे नेऊन नेऊन ती तुझ्या खांद्याने गुळगुळीत केलेली आहे. आधी सुकलू काकाचा डोंगा पुरा कर, म्हणजे हाताला सवय येईल. मग माझा दांडा तास, आणि पार्सलने पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये. त्या बाईंसमोर आपण दोघं तो होडीला लावू, त्यांना काय मोजायचं ते मोजू दे. आणि माझ्या मुठीत धरून पाहिल्याशिवाय तो नीट बसलाय की नाही, हे तुला तरी कसं समजाचं?

तुझीच,
दामे