मडमचा हात खाली येईपर्यंत

धुळे, १५ मार्च १९३१
तालमीत मिशन शाळेच्या मडमनं आज माझी चूक तीनदा काढली. काढू दे. मुख्य गाणी मलाच आहेत! जुनी विलायती गायनकथा. वेष नाही, हातवारे नाहीत, रांगेत उभं राहून गायची. रोमचा सुभेदार एका ख्रिस्ती मुलीला म्हणतो, आमच्या देवापुढे धूप टाक. ती म्हणते, मन मानत नाही, जीव घ्या. इंग्रजी शब्द वहीत बाळबोधीत उतरवलेत. नियम एकच: मडमचा हात खाली येईपर्यंत कुणी बसायचं नाही.

२२ मार्च
पारोळ्याहून भाऊ आला. मडमनं त्याला शब्द दिला, "गोदाबाई इथे शिकवते, गाते. तिच्या धर्माला आम्ही हात लावणार नाही." भाऊ खूश. नवरा गेल्यापासून माझी कमळी त्याच्याकडेच. अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी न्यायला येईन म्हणाला. आणि जूनपासून कमळी माझ्याजवळ! सात वर्षांची झाली.

१ एप्रिल
गाणं सुरेख झालं. शेवटचा सूर संपला तरी मडमचा हात वरच. पाद्री उठले, इंग्रजीत भराभर काही बोलले. कळलं नाही, उभी राहिले. मग मराठीत: "गोदाबाईंनी आज उभं राहून प्रभूचा स्वीकार केला." टाळ्या. तेव्हा कुठे हात खाली आला.
भाऊ ऐकायला आलेला, समोर दुसऱ्या रांगेत...

२ एप्रिल
मडम म्हणते, "कोणी तुला धरले नव्हते. तू आपल्या मनाने उभी राहिलीस." माझ्या मनानं! डोळे तुझ्या हाताला लागले होते गं बाई. केसानं गळा कापला.

७ एप्रिल
भाऊ फाटकाच्या आत आला नाही.
"बठ्ठा लोकसनी देखं. तू उभीच ऱ्हायनी."
"मी बाटनीच नही, भाऊ!"
"पंचससमोर प्रायश्चित्त ले, मंग पोर तुनी शे. नही ते अखाजीले येऊ नको."
प्रायश्चित्त घेतलं म्हणजे बाटले होते हे मीच कबूल केलं. गाण्यातल्या मुलीचं बरं, तिला लेकरू नव्हतं.

२० एप्रिल, अखाजी
न्यायला कुणी आलं नाही. सकाळी मडम आली. बाप्तिस्मा घे, म्हणजे कमळीला कोर्टातून आणून देऊ. गोड हसली वर. भावाकडे गेले तर शाळा सुटली, पोरीला घेऊन पुन्हा त्याच्याच दारात. इथे राहिले तर माहेर तुटलं.
दोघांना माझ्या तोंडून खोटंच हवंय. बोलेन, पोर पाहिजे मला. पण कुणापाशी?
पारोळ्याची मोटार तीनला. अडीच झाले. लुगडं नेसून बसलेय.