कपाखालचं फडकं

गडहिंग्लज
४ नोव्हेंबर २०२४

चि. आदितीस जय जिनेंद्र आणि आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. आधी वाटलं, वाकळंचा नमुना पाठवलास, उरलेली मागनं येईल. मग चिठ्ठी वाचली. म्हणं हे एवढंच असतंय, नाव ‘मग रग’, वर चहाचा कप आन् शेजारी दोन बिस्किटं ठेवायची. कोल्हापुरात बश्या मिळायच्या बंद झाल्या काय?

मी चाळीस वर्षं वाकळा शिवल्या. एकेकीखाली चार-चार माणसं झोपली. तुझ्या फडक्याखाली मांजराचं पिल्लू झाकत न्हाय. आन् शिवायचं कशावर, तर कागदावर! छापलेल्या रेघेवरनं मशीन पळवायचं आन् शेवटी कागद फाडून टाकायचा. बालवाडीतली पोरं अक्षरं गिरवत्यात, तसलं काम. वरनं मधल्या चांदणीचं एक टोक बोथट झालंय. चष्मा न लावता दिसलं मला.

रविवारी पारसच्या घरची माणसं तुला बघायला येणार हायती. त्याची आजी माझ्या चांगल्या ओळखीची, सोन्यासारखी बाई हुती, म्हणून हे स्थळ मी सुचवलं. पोराचा शिरोली एमआयडीसीत कारखाना हाय. त्यांच्यासमोर ही भातुकली मांडू नकोस. काय झालं ते लिही. फोनवर मला नुसती खरखर ऐकू येती.

तुझ्या बापाला म्हणावं, तात्यासो, बहिणीनं इचारलंय, औषधं घेतोस का.

माया हाय तशीच हाय. फडक्यानं वाढली न्हाय.

तुझी
अक्काताई आत्या


कोल्हापूर
१२ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

रेघ असली म्हणून काम सोपं होत नाही. कापड कागदाच्या मागं लावायचं आणि शिवायचं पुढून, म्हणजे कापड दिसतच नाही. डाव्याचं उजवं होतं. टीप बारीक ठेवली नाही, तर कागद फाडताना शिलाईच उसवते. ती चांदणी मी तीनदा उसवली. टोक बोथट आहे, कबूल. पण चष्म्याशिवाय तुला दाराची कडी सापडत नाही, हे मला माहीत आहे.

रविवारी पाहुणे आले. तू नको म्हणालीस, म्हणूनच मी सहा मग रग काढले आणि त्यावर चहा दिला. पारसच्या आईनं भडंग खाल्लं आणि तेलाची बोटं चांदणीला पुसली. वर काहीतरी बोलल्या. पारस मोबाइलमध्ये बघत बसला होता. मी ट्रे उचलला आणि म्हटलं, मला हे लग्न करायचं नाही.

त्या काय बोलल्या ते विचारू नकोस, मी लिहिणार नाही. बाबा दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. स्थळ तुझं होतं, तेव्हा तूही रागवशील. रागव. पण मी माघार घेणार नाही.

राग ओसरला की चार ओळी टाक.

तुझी
आदिती


गडहिंग्लज
२० नोव्हेंबर २०२४

चि. आदितीस जय जिनेंद्र आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू लिहिलं न्हाईस तरी मला कळलं. मध्यस्थ आकाराम तुझी तक्रार घेऊन आलता. बोलता बोलता त्याच्या तोंडातनं निसटलं. पारसची आई म्हणाली म्हणं, आत्यानं दुसऱ्याच्या चिंध्या जोडून पोट भरलं, भाचीलाबी तोच नाद.

ह्यात लपवण्यासारखं काय हुतं? लोकांची फाटकी लुगडी जोडूनच मी तुझ्या बापाला शिकवलं. मला लाज वाटंल, असं वाटलं तुला? एवढीच ओळखलीस व्हय मला?

आकारामला घेऊन सकाळची एसटी धरली आन् कळंब्याला त्यांच्या बंगल्यावर गेलतो. बंगला दोन मजली, आन् आमाला उभं केलं पोर्चमध्येच. तिथंच कुत्रं झोपलेलं, त्याच्याखाली वाकळ. चारी कोपऱ्यांना तांबड्या खणाचे तिकोनी तुकडे. माझा हात मला वळखंना व्हय? पारसच्या बारशाला त्याच्या आजीनं माझ्याकडनं शिवून नेलती, स्वतःच्या लग्नातलं लुगडं फाडून.

मी पारसच्या आईला तेवढंच सांगितलं. तुमचं पोरगं पहिलं वरीसभर ह्याच चिंध्यांत वाढलं, असंबी म्हटलं. ती म्हणाली, मला म्हाईतच न्हवतं. मी म्हटलं, त्याचंच नवल वाटत न्हाय. मग कुत्र्याला ऊठ म्हटलं. बिचारं उठलं. त्या घरात सांगितलेलं कळणारं तेवढंच एक. वाकळ झटकली, घडी घालून काखेत मारली आन् बाहेर पडले. आडवायला कोण आलं न्हाय.

येताना तुमच्याकडं उतरले न्हाय, एसटी चुकली असती. तात्यासोला वेगळं पत्र टाकलंय, चांगलं दोन पानी. आता बोलंल तुझ्याशी.

वाकळ दोनदा धुतली, वाळत घातलीय. ती तुझ्याकडं पाठवते, दारातल्या दिवाणावर आंथर. बघायला आलेल्या पोरांत कुणी आपणहून इचारलं, ही कुणी शिवली, तर त्याचं नाव मला कळव. बाकीच्यांना चहा देऊन वाटंला लाव.

तुझीच
अक्काताई आत्या