झिलईच्या खोलीचा नियम

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुझ्या आईबाबांनाही सांग, आणि पोटातल्या पाहुण्याला माझ्याकडून एक गालगुच्चा.

गेल्या पत्रात तू गमतीनं विचारलंस, "बाळ झाल्यावर कुणाचं ऐकू? आत्यांचं की तुझं?" मला उत्तर येत नाही. चार कागद फाडले, तरी येत नाही.

आधी बातम्या. परवाची भट्टी छान उतरली, साठ बरण्यांतल्या दोनच तडकल्या. दादानं मिशी काढली, आता तो स्वतःचाच धाकटा भाऊ दिसतो. आत्याचे गुडघे दुखतात, पण आवाजाला काही झालेलं नाही. नव्या कामगारानं भट्टीजवळ डबा उघडला तर अंगणातून ओरडली, "तिच्यासमोर खाऊ नकोस रे, तिलाही भूक लागते!" सगळे हसले. एरवी सगळ्यात मोठ्यानं मीच हसले असते.

तुला आठवतं, मी पदवीच्या शेवटच्या परीक्षेत प्राचीन धर्मनियमांवर दहा पानं लिहिली होती? काय खावं, कशाला शिवू नये, प्रेताला हात लावल्यावर किती दिवस वेगळं राहावं, या आज्ञांमागे रोगराईचा अनुभव कसा असू शकतो ते. गुण भरभरून मिळाले. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांना मी शहाणं ठरवलं. घरातल्या बाईला मात्र अडाणी म्हटलं.

कारण आत्याचा नियमच तसा होता. भांड्यांना चकाकीचा लेप देतो त्या झिलईच्या खोलीत गरोदर बाईनं जायचं नाही, तिची सावली पडली तर झिलई फाटते. मला वाटलं, हा सरळसरळ बाईचा अपमान आहे. अजूनही तसंच वाटतं. म्हणून चौथ्या महिन्यात तुला हाताला धरून आत नेलं. तुझा हात किती हलका, ताटल्यांवरची ती वेलबुट्टी आमच्या सात पिढ्यांत कुणाला जमली नसती. आत्या दारात उभी राहून म्हणाली, "अगं शिकलेली, सगळा माल फुटला तर तुझं सर्टिफिकेट विकून खायचं का?" तू तोंडाला पदर लावून हसलीस. माल फुटला नाही. एकही ताटली फुटली नाही. मी ताटल्यांची ओळच आत्याच्या नाकासमोर मांडली आणि म्हटलं, "बघ, कुठे फाटली?"

ती वळून अंगणात गेली. मला वाटलं, मी जिंकले.

वहिनी, पुढचं नीट वाच. गेल्या गुरुवारी झिलईच्या पुडीची नवी पोती आली. एकाचा काठ उलटा दुमडलेला होता, त्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं: यात शिसे आहे, पूड श्वासात जाऊ देऊ नये, गर्भवतींनी दूर राहावे. मी जुनी पोती पालथी करून पाहिली. त्यांवरही होतं. आपल्या घरात इतकं बारीक वाचणारी मी एकटी, आणि पाठ दुखू नये म्हणून तुला त्याच पोत्यांवर बसवलं होतं. बावीस दिवस.

नियमाचं कारण खोटं होतं, नियम खोटा नव्हता. मी कारण तपासलं आणि नियम मोडला.

आत्याकडे गेले. म्हटलं, "तुला हे ठाऊक होतं?" ती म्हणाली, "मला कुठलं ठाऊक? माझ्या आईनं सांगितलं, मी सांगितलं. तिच्या दोन जावांची मुलं गेली होती म्हणे." मग गुडघा चोळत म्हणाली, "कारण ठाऊक असतं ना, तर तुझ्याशी नीट भांडले असते गं."

आता कुणी म्हणेल, मग आत्याचं सगळंच ऐकावं. तसंही नाही. चाक डावीकडून फिरवलं की घरात कटकट होते, असं ती म्हणते. आपल्याकडे ते उजवीकडून फिरतं आणि कटकट रोज होते. कुठला नियम कुणाच्या रडण्यातून आला आणि कुठला नुसता लहरीतून, हे वरून कळत नाही. म्हणून तुझ्या प्रश्नाला उत्तर नाही.

शुक्रवारी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, रक्त तपासल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही. घाबरू नका, पण उशीरही करू नका. मी "सगळं नीट होईल" असं लिहिणार होते. लिहीत नाही. मला ठाऊक नाही.

तू कदाचित दादाला दोष देशील, खोली त्याच्या ताब्यात असते म्हणून. तो तेव्हा महिनाभर माल विकायला बाहेरगावी होता. परत आल्यावर मीच त्याला सांगितलं, "वहिनी आत बसली होती, काही झालं नाही." काल त्याला पोतं दाखवलं. त्यानं एवढंच विचारलं, "किती दिवस?" मी सांगितलं. तो माझ्याकडे न बघता चपला शोधायला लागला. पायातच होत्या.

तुमच्या गावच्या दवाखान्यात सोमवारी सकाळी दहाला तुझं नाव नोंदवलंय. पुडीची चिमूट बाटलीत घालून, बूच घट्ट लावून दादाजवळ दिलीय, डॉक्टरांना दाखवायला. हे पत्रही त्याच्याच हाती देतेय. पाकीट चिकटवलेलं नाही. इथवरचं त्यानं वाचलंय, आत्याला मी स्वतः वाचून दाखवलंय, आणि तो आज पहाटेच्या गाडीनं तुझ्याकडे निघतोय.

तुझी नणंद
(बाळाची आत्या म्हणवून घ्यायचं की नाही, ते तू ठरव.)