किरमिजी वस्त्रातली बाई

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. मोठी बहीण म्हणून आशीर्वाद लिहिणं भाग आहे, तेवढंच समज.

रविवारी मी उपासनेला आले नव्हते, गुडघा धरला होता. तू काय उपदेश केलास ते मला तुझ्या भाचीकडून कळलं, तेही सोमवारी संध्याकाळी. ती ज्या चष्म्याच्या दुकानात काम करते, त्याच्या काचेवर कोणीतरी लाल रंगाने ‘बाबेल’ असं लिहून ठेवलं होतं. मालक भला माणूस. त्याला शब्दाचा अर्थ कळला नाही, तो मैनाला विचारायला लागला. तिने अर्थ सांगितला आणि स्वतःच रॉकेल घेऊन काच पुसायला बसली.

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, प्रकटीकरणातला तो दृष्टांत तू घेतलास. सात डोक्यांच्या श्वापदावर बसलेली, जांभळी आणि किरमिजी वस्त्रं नेसलेली, हातात सोन्याचा प्याला धरलेली, कपाळावर ‘बाबेल, कलावंतिणींची आई’ असं लिहिलेली बाई. इथवर ठीक. पुढे तू म्हणालास म्हणे, की ही बाई आजही आपल्या गल्लीत राहते, नवऱ्याचं घर सोडते आणि मान वर करून आपल्यात येऊन बसते. त्या वेळी पोर ऑर्गनपाशी बसली होती, सगळ्यांच्या नजरेसमोर, तिच्या मरून रंगाच्या कोटात. माना कुठे वळल्या असतील हे तुला व्यासपीठावरून दिसलं नाही का?

तिने नवरा का सोडला हे तुला ठाऊक आहे. त्याने दारात तिची बोटं चिरडली तेव्हा तिला दवाखान्यात तूच घेऊन गेलास. प्लास्टर ओलं असताना हात धरून बसला होतास. आणि तिचा सासरा आपल्या चर्चच्या मंडळीचा खजिनदार आहे, हेही मला ठाऊक आहे.

उत्तर दे. बायकोला निरोप द्यायला लावून टाळू नकोस.

तुझी
ताई


९ मार्च

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझा राग मी समजू शकतो, पण माझी बाजूही ऐकून घे. मी कोणाचं नाव घेतलं नाही. दृष्टांतातली चिन्हं एका माणसापुरती किंवा एका काळापुरती नसतात. प्रत्येक पिढीने ती आपल्याला लावून पाहायची असतात. त्या बाईत मोह आहे, गर्व आहे, बंडखोरी आहे. ऐकणाऱ्याने कोणाकडे पाहिलं याला मी काय करणार?

काचेवर लिहिलं ते वाईट झालं. पुढच्या रविवारी मी सर्वांना शांततेचं आवाहन करीन. मैनाने काही आठवडे ऑर्गन वाजवू नये असं मंडळीच्या पंचांचं मत पडलं. मला वाटतं, तिच्याही दृष्टीने ते बरंच. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा
धाकटा


१३ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद यावेळी राहू देत.

माझ्या गुडघ्याची काळजी करू नकोस. तुझं पत्र वाचून मी पुस्तक काढलं आणि तो अध्याय शेवटपर्यंत वाचला. मी शाळेत इतिहास शिकवते, धर्मशास्त्र शिकलास तू. पण हे तुझ्या कॉलेजात शिकवलं नसेल असं मला वाटत नाही. दृष्टांत पाहणाऱ्याला अर्थ लागत नाही म्हणून देवदूत स्वतः थांबून समजावतो. डोकी म्हणजे डोंगर आणि राजे, तिच्याभोवतीचं पाणी म्हणजे लोकसमुदाय. आणि बाई म्हणजे पृथ्वीच्या राजांवर सत्ता गाजवणारं मोठं नगर. अध्यायाचं शेवटचंच वाक्य ते. तू त्याच्या आधी पुस्तक मिटलंस.

तू पिढ्यांचं म्हणतोस. लाव की आजच्या पिढीला, मी कुठे नको म्हणते? पण नीट लाव. हे दृष्टांत छळ सोसणाऱ्यांना धीर यावा म्हणून लिहिले गेले. ती बाई रक्त पिऊन झिंगलेली आहे, राजे तिच्यापुढे लोटांगण घालतात. आपल्या मंडळीत कोणापुढे कोण लोटांगण घालतं, ते तू सांग. मोडक्या बोटांच्या मुलीपुढे की तिच्या सासऱ्यापुढे? मार खाणाऱ्यांच्या हातात दिलेलं शास्त्र तू काढून घेतलंस आणि मारणाऱ्याच्या हातात दिलंस. चुकून केलं असतंस तर मी एवढी चिडले नसते. तू जाणून केलंस.

आणि ‘तिच्याही दृष्टीने बरं’ हे वाक्य पुन्हा मला लिहू नकोस. तिची दोन बोटं अजून वाकत नाहीत. तरी उरलेल्या बोटांवर ती सूर जुळवत होती. तेही तुम्ही बंद केलंत.

ताई


२१ मार्च

ती. ताईस,
सलाम, वि. वि.

तू लिहिलंस ते खरं. त्या उपदेशाच्या आदल्या आठवड्यात खजिनदारसाहेब घरी आले होते. सून परत यायला हवी, तुम्ही व्यासपीठावरून काही बोला म्हणाले. मी अध्याय निवडला तो त्यासाठीच.

काल तोच अध्याय मी पुन्हा घेतला आणि शेवटच्या वाक्यापर्यंत वाचला. सांगितलं, की ही बाई म्हणजे माणसं चिरडणारी सत्ता आहे, कोणाची लेक नाही. मी ते चित्र माझ्या भाचीवर लादलं, आणि तिची बोटं मोडणारा तिचा नवरा समोर बाकावर बसला आहे, हेही बोललो. खजिनदार उठले आणि मला खाली उतरायला सांगितलं. मी उतरलो नाही. अर्धं चर्च रिकामं झालं. रात्री पंचांचा निरोप आला, पाळकाचं घर महिनाअखेर सोडायचं.

सौ. शांत आहे. मी मैनासमोर येऊ शकेन का, हे तिला विचारून कळव.

धाकटा


२६ मार्च

ती. मामांस,
सलाम, वि. वि.

आईने तुमचं पत्र मला दिलं आणि तूच लिही म्हणाली. ती अजून धुसफुसते आहे. भांडी आपटते, पण मागची खोली तिने झाडून ठेवली.

यावेळी अर्थ तुम्ही बरोबर सांगितलात, असं उपासनेहून परतलेल्या दोघीतिघी सांगून गेल्या. घर गमावलंत, त्याचं मला वाईट वाटतं. पण मला राग आला आहे आणि तो लपवणार नाही. आधी तुम्ही माझी दृष्टांतातली बाई केलीत. मग माझ्या बोटांची गोष्ट चर्चभर सांगितलीत. ती कुठे सांगायची, कोणापुढे सांगायची, की सांगायचीच नाही, हे मी ठरवणार होते. माझ्या वकीलबाई म्हणत होत्या, नवऱ्याविरुद्धच्या केसमध्ये कोर्टात उभं राहीपर्यंत गप्प राहा. आता नवऱ्याकडची माणसं दुकानात चकरा मारतात. मालकाने मला आतल्या टेबलावर, चष्म्याच्या काचा घासायला बसवलं आहे.

मामीला घेऊन राहायला या. भाड्याची गाडी ठरवू नका, मालकाचा टेम्पो मिळेल. घरात मी तुमच्याशी बोलेन, जेवायला वाढेन. माफ केलं असं मात्र इतक्यात म्हणणार नाही, आणि म्हणायला लावू नका. कोर्टात तुम्ही दवाखान्यातलं सांगावं असं वकीलबाईंना वाटतं. मला अजून तसं वाटत नाही. वाटलं तर मी स्वतः तुम्हाला विचारीन. तोवर माझ्याबद्दल कुठेही, कोणापाशीही, एक शब्द बोलू नका.

लोभ आहेच. तो आहे म्हणूनच एवढं लिहिलं.

मैना