मोटारीने दिलेला डावा कौल

तोंडवली, ४ मे १९६२

तीर्थरूप परशुराममामांस, भाचा हरिश्चंद्र याचा साष्टांग नमस्कार. इकडे रवळनाथाच्या कृपेने सगळी खुशाल आहोत. तुमचे गुडघे काय म्हणतात? आईने तेल पाठवलंय, ते लावा. (गेल्या वेळचं तुम्ही दिव्यात घातलंत असं ऐकतो.)

मामा, तुमचे उपकार कोणत्या तोंडाने मानू? कुडाळच्या मुलाच्या आजीला घराबाहेर पडवत नाही, आपल्या सुगंधाला तिकडेच नेऊन दाखवायची, म्हणून तुम्ही स्वतः बोटीने मुंबईला परतलात आणि मोटार आमच्यासाठी ठेवलीत. बाबा असते तर त्यांनी तरी याहून जास्त काय केलं असतं? मोटार आता उत्तम आहे हे आधीच सांगून टाकतो, मग पुढचं वाचा. निघायच्या आदल्या दिवशी जरा हात बसावा म्हणून मी ती बाहेर काढली आणि शेजारच्या बाबलीकाकांच्या कुंपणाच्या गडग्यावर घातली. दगड कोसळले, काका धावत आले. मी शिव्या खायच्या तयारीने उभा, तर ते आपले पुढच्या चाकांकडेच बघत राहिले. "गडगो काय, उद्या परत रचतलंय. पण ह्यां चाक बघ रे, खंय बघता तां!" एक चाक समुद्राकडे, दुसरं रस्त्याकडे. कितीही सरळ धरा, गाडी आपली डावीकडे ओढायची.

काकांचा सत्यवान मुंबईला मोटारींच्या गॅरेजात असतो, तो रजेवर आला होता. म्हणाला, अलाइनमेंट घरीच करू. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सूत ताणायचं, अंतर मोजायचं आणि दोन्ही चाकांना जोडणाऱ्या सळईचा नट फिरवायचा. सुताचं एक टोक त्याच्याकडे, दुसरं सुगंधाकडे. (माझा हात थरथरतो म्हणून मला छत्री धरायला ठेवलं.) संध्याकाळी गाडी सरळ, सकाळी बघावं तर पुन्हा डावीकडे! आठवडाभर हेच. काकांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, आम्ही सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हटलं, नारळ फुटले, तरी डावीकडेच. शेवटी आईने कपाळाला हात लावला. "अरे, देवळात फूल डावीकडे पडला तर आपण काय समजतंव? ह्यो रवळनाथाचो डावो कौल. चेडवाक कुडाळाक धाडूचा नाय!"

तसा नकार कळवला, आणि काय सांगू मामा, दुसऱ्याच दिवशी गाडी सुतासारखी सरळ! माझ्या अंगावर काटा आला. देवाने वेळीच सावध केलं, काकांनी गडगा स्वतःच परत रचला, सत्यवानने रजा वाढवली पण काम सोडलं नाही. अशी माणसं शेजारी आहेत या विचाराने खरंच डोळे भरून येतात. थोरामोठ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
हरिश्चंद्र

ता. क. सुगंधाच्या काळजीने आईला झोप नाही. तुमच्या ओळखीतलं मुंबईचं एखादं स्थळ लवकर बघावं.

ता. क. दुसरा. (हे मी, सुगंधा, लिहितेय. पत्र पेटीत टाकायला दादाने माझ्याकडेच दिलंय.) मामा, स्थळ बघू नका. गाडी पहिल्याच संध्याकाळी दुरुस्त झाली होती. रोज पहाटे नट मीच उलटा फिरवत होते. मला सत्यवानशी लग्न करायचंय. त्याची हरकत नाही, मी विचारलं. तुमचा शब्द आई मोडणार नाही. नटाचं मात्र मी त्याला लग्न लागल्यावरच सांगेन. तोपर्यंत बिचारा, आपल्या हातातलं कसब गेलं, म्हणून गॅरेज सोडून होडीवर जायच्या गोष्टी करतोय. तेव्हा मुहूर्त जरा जवळचाच काढा.